जाम फटफटी आणि इतर मिळकतीची व्यवस्था

मी, सुकदेव बारकू निकुंभ, वय पन्नासला एक कमी, धंदा नोकरी, मूळ राहणार तालुका साक्री, जिल्हा धुळे, हल्ली राहणार सामरवरणी, सिल्वासा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो. पोटातली गाठ वाढत चालली आहे असं वलसाडच्या डॉक्टरांनी सांगितलं. डोक्यात काही वाढलेलं नाही. मला कोणी दम दिलेला नाही, काही पाजलेलं नाही, मजकूरही कोणी सांगितलेला नाही. शाळा सातवीपर्यंत झाली, पुढचं सगळं स्वतः शिकलो.

आधी, जे मी माझ्या हाताने केलं आहे ते लिहितो, कारण त्यावर दुसऱ्या कोणाचा हक्क निघू शकत नाही. घराच्या दोन्ही खोल्यांच्या भिंती, गिलाव्यासकट. दरवाजाची चौकट (ऐनाची आहे, लोक सागवानी समजतात). लोखंडी खाट. पाण्याच्या टाकीचं झाकण. घरातली सगळी वायरिंग. कावेरीच्या मिक्सरची जळालेली मोटर, जी मी पुन्हा भरली आणि अजून चालते. रूपालीचं अभ्यासाचं टेबल, जे डुगडुगत नाही.

फटफटी या यादीत नाही. ती मी करायला घेतली होती, केलेली नाही.

कलम १. घर माझी पत्नी कावेरी हिला तिच्या हयातीपर्यंत, नंतर मुलगी रूपाली हिला. पश्चिमेच्या भिंतीत खिळा ठोकू नये, आत वायर आहे. ठोकायचाच असेल तर खिडकीपासून वीतभर सोडून.

कलम २. फंड आणि बँकेतली शिल्लक कावेरीला. रूपालीच्या लग्नात हुंडा द्यायचा नाही. मागणारा आला तर त्याला चहा पाजून बसस्टँडचा रस्ता दाखवावा.

कलम ३. हत्यारांची पेटी रूपालीला. हसणाऱ्यांनी हसावं. पान्याला बाई-पुरुष कळत नाही, नटाचा नंबर कळतो. पेटीतलं काही उसनं देऊ नये; गेलेला पाना परत येतो तेव्हा त्याचे ओठ फाकलेले असतात.

कलम ४. फटफटी. टू-स्ट्रोक, छोटी, टाकीवरचं कंपनीचं नाव उडालेलं. माझा मुलगा योगेश याने ती एका भंगारवाल्याकडून ढकलत आणली. तो तेव्हा ठेकेदाराच्या हाताखाली प्लास्टिकच्या कारखान्यात लागला होता. म्हणाला, "आप्पा, तुम्ही एवढी मशीनं खोलता, हिला पण खोला."

मी धाग्याच्या मशीनवरचा माणूस. इंजिन जन्मात खोललेलं नव्हतं. पण मला येत नाही असं मी मुलासमोर म्हणणार नव्हतो. रविवारी ओट्यावर गोणपाट पसरून आम्ही दोघांनी ती पूर्ण सोडवली, रॉकेलने धुतली, नवीन रिंगा आणल्या. पिस्टनच्या डोक्यावर एक बाण असतो. योगेशने विचारलं, "आप्पा, बाण सायलेन्सरकडे पाहिजे ना?"

आमच्या धाग्याच्या मशीनवर बाण असतो तो माल जिकडून आत येतो त्या बाजूला. मी म्हटलं, "पेट्रोल कार्बुरेटरमधून येतं, म्हणजे बाण कार्बुरेटरकडे. मशीन मशीनच असतं."

तो म्हणाला, "तुम्ही म्हणता तर तसं."

बाण सायलेन्सरकडेच पाहिजे होता. उलटा बसवला की रिंगेचं तोंड सिलिंडरच्या खिडकीसमोर येतं, तिथे अडकतं, तुटतं आणि पिस्टन जाम होतो. हे मला नंतर कळलं. त्या संध्याकाळी मात्र ती सुरू झाली आणि गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आली. कावेरीने साखर वाटली. शेजारी झुंबर ओट्यावरून ओरडला, "सुकदेवभाऊ, फटफटी आहे का मिरची कांडायची गिरण?" मी म्हटलं, "उद्या खानवेलला नेतो, मागे बसतो का?" सगळ्या गल्लीने हे पाहिलं आणि ऐकलं.

दुसऱ्या दिवशी खानवेलच्या रस्त्यावर, सामरवरणी जेमतेम मागे पडली असताना, ती जागच्या जागी जाम झाली. किक खाली जाईना. न्यूट्रलमध्ये टाकून आम्ही ती मागच्या शेतातून ढकलत आणली आणि ताडपत्रीखाली झाकली. मी योगेशला म्हटलं, "कोणाला बोलू नको. झुंबर यावर वर्षभर चहा पिईल. विचारलं तर म्हण, रंग द्यायचा आहे म्हणून झाकून ठेवली." तो हसत होता. "आप्पा, बाण," एवढंच म्हणाला. कावेरीला ठाऊक होतं, बाकी कोणाला नाही.

त्यानंतर महिना भरायच्या आत योगेश गेला.

पोलिसांच्या पंचनाम्यात लिहिलं आहे की मयत हा स्वतःच्या मोटारसायकलने घरी येत असताना खेरडीच्या वळणावर घसरून मेला. शेजारी फटफटी पडलेली होती, हे खरं आहे. तिथे ती चालत आलेली नव्हती, हेही खरं आहे. मी पाळीवर होतो आणि कावेरी भाजी आणायला गेली होती तेव्हा ठेकेदाराचा टेम्पो आमच्या दारात आला, आणि ताडपत्री काढून फटफटी वर चढवायला झुंबरने हात लावला, हे गल्लीतल्या लहान पोरांनी पाहिलं.

योगेशला आंघोळ मी घातली. उजवा हात खांद्यापर्यंत चपटा झाला होता. रस्ता खरचटवतो, असा दाबत नाही. असं रोलर दाबतो. नखांत निळं प्लास्टिक होतं. शेजारच्या मशीनवर सोनम नावाची मुलगी होती, तिने कावेरीला रडत सांगितलं की काम लवकर उरकावं म्हणून रोलरची जाळी काढून ठेवलेली होती. पुढच्या आठवड्यात ती गावी गेली. सही द्यायला कोणी नाही.

गाडी पोलिसांनी परत दिली तेव्हा शिपाई म्हणाला, "पडल्यामुळे इंजिन बसलंय." मी तेव्हापासून तिला हात लावलेला नाही. हेडच्या चारही नटांवर लाल रंगाचा ठिपका दिला आहे, अर्धा नटावर, अर्धा हेडवर, म्हणजे कोणी नट फिरवला तर ठिपका तुटेल. माझ्या मुलाच्या बाजूने साक्ष देणारी एकच वस्तू उरली आहे, ती माझी चूक. ती आत आहे. कामगार भरपाईच्या दाव्यात मी अर्ज दिला आहे की हे इंजिन साहेबांसमोर, सरकारी माणसाच्या हाताने उघडावं. उलटा बाण दिसेल, तुटलेली रिंग दिसेल. अशी गाडी घेऊन कोणी खेरडीच्या वळणापर्यंत येऊ शकत नाही. अजून तारखा पडत आहेत.

नवीन पिस्टन आणि रिंगा खाटेखालच्या पत्र्याच्या डब्यात तेल लावून ठेवल्या आहेत. अर्ध्या दिवसाचं काम आहे. मला आता येतं. हात शिवशिवतात. कावेरी म्हणते, "लेकरू गेलं, आता त्या फटफटीचं काय लोणचं घालता?" तिचा राग रास्त आहे. ताडपत्री पुसताना मी तिला रडताना पाहिलं आहे, म्हणून हे कलम मी तिच्या नावाने करत नाही.

फटफटी रूपालीची. निकाल लागेपर्यंत ती विकू नये, देऊ नये, धुवू नये, किक मारून बघू नये. निकाल कसाही लागो, त्यानंतर ती उघडावी, नवीन पिस्टन बसवावा. बाण सायलेन्सरकडे.

कलम ५. शेजारी झुंबर याने पोलिसांना जबाब दिला की योगेश संध्याकाळी फटफटीवर बसून कारखान्यातून निघताना त्याने डोळ्यांनी पाहिला. तो त्याच कारखान्यात रोजंदारीवर होता, पुढच्या महिन्यात कायम झाला. त्याला माझ्याकडून काही नाही. माझी शिडी त्याच्याकडे आहे, ती त्याच्याकडेच राहू द्यावी. तिची तिसरी पायरी मी कधी नीट बसवली नव्हती. माझ्या तिरडीला त्याने खांदा देऊ नये. आला तर पाणी द्यावं, पण बसायला सांगू नये.

कलम ६. दावा पुढे चालवायचा. वारस म्हणून कावेरी आणि रूपाली दोघींची नावं लागतील. तारखेला रूपालीने जावं. कागद वाचल्याशिवाय सही करू नये. वाचल्यावरही घाई करू नये. या मृत्युपत्राची अंमलबजावणी मधुकर पेडणेकर सर यांनी करावी. ते रूपालीच्या शाळेत शिकवत होते, मूळचे कोकणातले, आणि माझ्याशी वाद घालताना आवाज चढवत नाहीत.

कलम ७. माझ्या मागे कोणी म्हणेल की सुकदेव हट्टी होता, त्याला कोणी काही देऊ केलं असतं तर घरादाराचं भलं झालं असतं. म्हणून नोंद करतो. देऊ केलं होतं.

ठेकेदाराचा भाचा विकी, १९९४ सालच्या दिवाळीनंतर, संध्याकाळी घरी आला. माझ्या खाटेवर बसला. खाट दाबून बघून म्हणाला, "काका, मजबूत आहे हं." मग पिशवी मांडीवर घेतली. "देखो काका, छोकरा तो गया. कागदावर काय लिहिलंय, त्याने त्याला आता काय फरक पडतो? कोर्टात तुम्हाला याच्या अर्धे पण मिळणार नाहीत. आणि ते कधी, कोण जाणे."

अर्ध्याबद्दल तो खोटं बोलत नव्हता. मी नंतर हिशोब करून पाहिला.

कागद टाईप करून आणला होता. त्यात एकच वाक्य होतं: माझा मुलगा योगेश हा पाळी संपवून स्वतःच्या चालू स्थितीतील मोटारसायकलवरून जात असताना मेला, आणि याबाबत माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही.

मी विचारलं, "चालू स्थितीतील?"

"तसं लिहावं लागतं, काका."

कावेरी दारात उभी होती. तिने रक्कम ऐकली. रक्कम रोख रुपये १,३०,०००/-, अक्षरी रुपये एक लाख तीस हजार फक्त. मी घेतली नाही.

ठिकाण: सामरवरणी, सिल्वासा
तारीख: ११ फेब्रुवारी १९९६

लिहून ठेवणार: सुकदेव बारकू निकुंभ (सही)

आमच्यासमोर, पूर्ण शुद्धीत सही केली:
१. मधुकर गोविंद पेडणेकर, शिक्षक, सिल्वासा (सही)
२. नथू जानू वरठा, शेती, खेरडी (डाव्या हाताचा अंगठा)