अष्टमीला शून्य

मंगळवार, आगरदांडा

अजून डोकं तापलेलं आहे. स्मृतिभ्रंशाच्या संशोधनासाठी शहरातून डॉक्टर आले होते. प्रश्नावलीचं मराठी भाषांतर माझं, म्हणून मीही बसलो. पहिल्याच पार्वतीबाई, कोळीवाड्यातल्या. सुनेने आणलं होतं, कारण घरात दोनदा गॅस उघडा राहिला.

“आजी, आज तारीख काय?”

“अष्टमी. भांगाचं पानी हाय, भरतीला जोर न्हाय.”

“तारीख सांगा.”

“तुज्या तारखेनं भरती येते काय रं, डाक्टरा?”

शून्य. मी म्हटलं, तिथी बरोबर आहे, इथे होड्या तिथी बघूनच निघतात. डॉक्टर म्हणाले, ठरलेल्या उत्तरांत तिथी नाही. मग कागदावर घड्याळाचं चित्र काढायला पेन्सिल दिली. जन्मात पेन्सिल न धरलेल्या हाताला! पुन्हा शून्य.

“शिक्षण नाही, गुण धरता येणार नाहीत. वगळू,” डॉक्टर म्हणाले.

आणि किनाऱ्यावरची माणसं संशोधनात येत नाहीत, ही तक्रारही यांचीच. पण ते शून्य माझंही. ‘तारीख’ मीच लिहिलं ना, याच गावात वाढून?

सून विचारत राहिली, “वगळू म्हंजे? मंग तिला झालंय काय, ते कोन सांगनार?”

डॉक्टरांनी पुढचं नाव पुकारलं. तिने सासूला हात धरून उठवलं. पार्वतीबाई तिच्या तोंडाकडे बघत राहिल्या.

“तू कोनाची गो?”