खांबाखालचा शिक्का

जामसर, माघ वद्य पंचमी, सांज

भाताचं कोठार आज उभं राहिलं. सहा सागाचे खांब रोवले, फळ्या मी आणि शेजारच्या सोमाने घरीच करवतीने कापल्या. तेवढ्यात जंगलाचा शिपाई आला. "साग संस्थानचा आहे. हातोड्याचा शिक्का कुठाय?"

शिक्का होता. परवानगीचीच झाडं, तोडायला दिलेल्या प्रत्येकाच्या बुंध्याकडच्या कापल्या तोंडावर संस्थानच्या हातोड्याने ठोकलेला. पण बुंधा जमिनीत जातो. मी ताठ्यात म्हणालो, "वाटेल तो खांब उपटून बघा." तो म्हणाला, "उद्या सकाळी येतो."

तो गेल्यावर सोमा हळूच म्हणाला, "दादा, वाळवी लागू नये म्हून आपण बुंधं जाळलं नाय का?"

जाळले. मीच सांगितलं, पार कोळसा होईपर्यंत जाळ म्हणून. त्या कोळशात शिक्का राहिला असेल? हातोडा खोल बसतो म्हणतात. एक खांब आताच उकरून पाहावा का? आणि शिक्का नसला तर? परवाना पेटीत आहे, पण खांब त्याच झाडांचे हे शिक्क्याशिवाय कोण मानणार?

सोमा पहार घेऊन दारात उभा आहे. "उकरू का, दादा?" दोनदा विचारलं त्याने. मी मान वर न करता लिहितोच आहे.