डाव्या अंगाचा तिसरा खांब

बाई, तुम्हाला जाऊन तीस वर्षं झाली आणि मला कंपनीतून निवृत्त होऊन सहा. हल्ली मी काय करतो हे तुम्हाला कळलं असतं, तर तुम्ही चष्मा कपाळावर सरकवून माझ्याकडे बघत राहिला असता. मी व्हिडिओ गेमबद्दलचे लेख तपासतो. कॉम्प्युटरवर खेळायचे खेळ असतात, त्यांत एक माणूस पडद्यावर चालतो, धावतो, दारं उघडतो, आणि त्याला कुठे न्यायचं ते आपण बोटांनी ठरवायचं. माणसं त्यात अडकतात. किल्ली सापडत नाही, दार उघडत नाही. अशा अडकलेल्यांना मराठीतून वाट सांगणारी एक वेबसाइट माझ्या मुलीने आणि उल्हासनगरच्या कॅम्प तीनमध्ये कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवणाऱ्या तिच्या सिंधी मित्राने सुरू केली. कुणी पगारी नाही. ज्याला खेळून झालंय त्याने इतरांसाठी लिहायचं, एवढाच व्यवहार. मुलगी म्हणाली, बाबा, तुम्ही दिवसभर शाळेतल्या कविता म्हणत घरभर फिरता, त्यापेक्षा आमचं मराठी बघा. मी हो म्हणालो. खरं सांगायचं तर मला कुणीतरी काहीतरी तपासायला देईल याची मी वाटच बघत होतो.

पहिले लेख वाचले तेव्हा मी गार पडलो. शुद्धलेखनाचं सोडा, लिहिणाऱ्यांचा सूरच असा की जणू वाचणारा त्यांच्या दारात मागायला आलाय. "एवढंही जमत नसेल तर खेळू नकोस," असं एकाने वाट सांगता सांगता मध्येच लिहिलं होतं. मग मी नियम घातला की नवख्याला हिणवायचं नाही. आणि "हे सोपं आहे" असं तर कुणी मुळीच लिहायचं नाही, कारण जो अडकलाय त्याला ते सोपं नसतं. ही अक्कल माझी नाही, बाई, तुमची आहे. गणितात नापास झालेल्या मुलालासुद्धा तुम्ही कविता शिकवताना "सोप्पी तर आहे" असं कधी म्हणाला नाहीत. आणखी एक नियम केला, लेखावर नाव लिहिणाऱ्याचं राहील, तपासणाऱ्याचं कुठेही दिसणार नाही. याचा मला मोठा अभिमान वाटायचा. पुढे जे झालं ते याच नियमामुळे.

तपासायची पद्धतही तुमच्याच स्वयंपाकघरातली. अंबरनाथच्या त्या चाळीत, रविवारी सकाळी, तुम्ही सुपात तांदूळ घेऊन बसलेल्या आहात. आम्ही चारपाच जण भिंतीला टेकून एकेक कविता, एकेक निबंध मोठ्याने वाचतोय. तुम्ही आमच्याकडे बघतही नाही. बोटं खडे शोधत भराभर फिरतायत. वाचताना कुठे खोटं काही आलं, कुठे नुसताच आवाज झाला, की तुमची बोटं थांबतात. तुम्ही बोलत नाही. आम्हीच मागे जाऊन ती ओळ पुन्हा वाचतो. त्या सुपावर नजर ठेवून वाचायची सवय मला अशी लागली की पुढे कंपनीत साहेबाला पत्राचा मसुदा वाचून दाखवतानासुद्धा मी त्यांच्या हातांकडे बघायचो. आता आमच्या खरवईच्या घरात मुलगी कामावरून आली की भाजी निवडायला बसते आणि मी तिला लेख वाचून दाखवतो. मेथीची पानं खुडता खुडता तिची बोटं थांबली की मी पेन्सिलीने खूण करतो. तिला ही पद्धत मीच शिकवली. तुमचं नाव सांगून शिकवली.

आमच्याकडे लिहिणाऱ्यांत एक जण चामटोलीचा होता. वय पस्तिशीचं, एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत पाळीवर मशीन चालवणारा. साइटवर तो 'चामटोलीकर' म्हणून लिहायचा. गावात पाहुणा येणार असेल आणि त्याला नाक्यापासून घरापर्यंतची वाट सांगायची असेल, तसं त्याचं लिहिणं. एका जुन्या देवळात शिरायचं असतं, त्याबद्दल त्याने लिहिलं होतं: "दारातून आत गेलात का डाव्या अंगाला वळा. तिसरा खांब फुटका दिसंल, त्याच्यामागं किल्ली आहे. घाई करू नका, वरून दगड येतो, तो पडू द्या, मग जा." लोक त्याच्या लेखांची वाट बघायचे. मीही बघायचो. पण हा लेख तपासायला आला त्या दिवशी त्या देवळाचं चित्र मुलीने मला पडद्यावर दाखवलं. उंच खांब, डावीकडच्या जाळीतून आत आलेलं केशरी ऊन. माझं डोकं फिरलं. मी त्याच्या ओळी खोडून लिहिलं: "प्रवेशद्वार ओलांडताच मावळतीच्या सोनेरी उजेडाकडे पावले वळवा. भग्न स्तंभाच्या सावलीत किल्ली तुमची वाट पाहत असेल." संध्याकाळी मुलीला वाचून दाखवलं. या ओळीवर तिची बोटं थांबली. आणि मी, बाई, तुमच्या सुपासमोर सहा वर्षं बसलेला माणूस, असं समजलो की तिला ओळ आवडली.

चार दिवसांनी कॅम्प तीनमधून फोन आला. "अंकल, वो मंदिरवाला लेख बघा जरा. पब्लिक भडकली आहे." झालं होतं असं की त्या खेळात सूर्य एका जागी राहत नाही. आधीच्या मुक्कामात जो विश्रांती घेतो तो देवळात पोहोचतो तेव्हा पहाट असते, आणि ऊन उजवीकडून येत असतं. असे सगळे लोक सोनेरी उजेडाकडे पावलं वळवून थेट उजवीकडच्या खड्ड्यात पडत होते. लेखाखाली टोमण्यांची रांग लागली होती. चामटोलीत डावं-उजवं नसतं का, असं एकाने विचारलं होतं. दुसऱ्याने विचारलं होतं की चामटोलीकर स्वतः त्याच खड्ड्यात राहतात काय. त्या सगळ्याच्या शेवटी त्याची एकच ओळ होती, यापुढे माझं लिखाण टाकू नये. मुलीला मी विचारलं, त्या संध्याकाळी तुझी बोटं का थांबली होती. ती म्हणाली, "मी विचार करत होते, खेळात पश्चिम कुठे असते. पण तुम्ही इतके खूश दिसत होतात, बाबा."

तुम्ही मला एकदाच रागावलात. पुढच्या बाकावरच्या एका मुलीचा निबंध तुम्ही मला तपासायला दिला होता. तिची म्हैस सुटून माळावर पळाली आणि ती तिला कशी शोधत गेली, एवढंच त्यात होतं. मी तिच्या वाटेवर चांदणं पसरून दिलं, नदीला पैंजण बांधले. तुम्ही वाचलं, वही मिटली आणि सगळ्यांसमोर म्हणालात, "म्हैस तिची, वाट तिची. तू मध्ये चांदणं कशाला सांडलंस?" वर्ग हसला. ती मुलगी मात्र हसली नाही, मान खाली घालून बसली होती, कारण वहीवर नाव तिचं होतं. तेव्हा मला वाटलं होतं की तुम्हाला माझी शैली कळली नाही. तुम्ही रागावलात ते तिच्यासाठी, हे कळायला मला पन्नास वर्षं आणि एक खड्डा लागला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला, पाळी सुटायच्या वेळेला, मी रिक्षाने त्याच्या कंपनीच्या गेटसमोरच्या चहावाल्याकडे जाऊन बसलो. मुलीने त्याला निरोप धाडला होता. तो आला, डबा बाकावर ठेवला, माझ्या पाया पडायला वाकला, त्याने मला आणखीच लाज वाटली. मी पाठ केलेलं सगळं एका दमात सांगितलं. चूक माझी, तशी सूचना साइटवर मी स्वतःच्या नावानिशी लावतो, तुमचा मूळ लेख जसाच्या तसा परत टाकतो. त्याने चहा संपवला.

"काका, राग नाही," तो म्हणाला. "पण कंपनीत पोरं मला विचारून विचारून खेळायची. मी मशीनवर असलो तरी येऊन विचारायची, इथून कुठं जाऊ. आता हसतात. मी काही सांगायला गेलो का म्हणतात, मावळतीला ना?"

मी म्हटलं, मी काय करू ते सांगा.

"सूचनाबिचना लावा तुम्ही. पण आधी तुम्ही तो देवळाचा दरवाजा ओलांडून दाखवा. माझा लेख हातात घेऊन. तुम्ही कधी खेळलाच नाहीत ना?"

नव्हतो खेळलो, बाई. दोन वर्षं दुसऱ्यांच्या वाटा तपासत होतो आणि एकाही वाटेवर पाऊल टाकलेलं नव्हतं.

रविवारी कॅम्प तीनच्या त्या दुकानात उघड्या पडलेल्या मॉनिटरांच्या मध्ये मला खुर्ची दिली. तो शेजारी उभा राहून स्वतःचा लेख वाचू लागला, सावकाश, पाहुण्याला सांगावं तसा. माझी बोटं माझं ऐकत नव्हती. मी भिंतीवर आपटलो, गोल फिरलो, दगडाखाली मेलो, पुन्हा दगडाखाली मेलो. सिंधी मित्र म्हणाला, "अंकल, दगड को जाने दो, तो आपल्याला भेटायला नाही आला." सगळे हसले, चामटोलीकरही. अकराव्या खेपेला मी थांबलो, दगड माझ्यासमोर पडला, धूळ बसली, आणि फुटक्या खांबामागे किल्ली चमकत होती. मला त्या वयात, त्या दुकानात, पाठांतराच्या स्पर्धेत पहिला आल्यासारखा आनंद झाला. त्याने नुसतं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "दिसला ना खांब?"

सूचना मी त्याच संध्याकाळी लावली, माझ्या नावाने, की वाट लिहिणाऱ्याने बरोबर सांगितली होती, तपासणाऱ्याने बिघडवली. तेव्हापासून नियम असा आहे की लेख तपासणाऱ्याने तो हातात धरून आधी स्वतः खेळायचं, आणि दुरुस्ती कुणी केली तेही खाली लिहायचं. चामटोलीकर पुन्हा लिहू लागला. कंपनीतली पोरं पुन्हा मशीनपाशी येऊन विचारतात असं तो परवाच सांगत होता, तेही जरा वैतागल्याचा आव आणून. मी आता रोज सकाळी तासभर खेळतो. गुडघे दुखतात तेवढे वगळले तर माझं छान चाललंय.

हे लिहून झाल्यावर मी घडी घालून कवितांच्या वहीत ठेवीन. तुमचा पत्ता माझ्याकडे नाही आणि असता तरी पुढचं लिहिल्यावर मी ते धाडलं नसतं. त्या देवळाला मागचं दार आहे. अकराव्या खेपेनंतर मी चुकून त्यातून बाहेर पडलो होतो. तिथे एक तळं आहे. खेळात त्याचा उपयोग शून्य. मूळ लेख परत टाकताना मी शेवटी दोन वाक्यं घातली: "मागच्या दाराने गेलात तर तळं लागतं. तिथं काही मिळत नाही, तरी जरा बसा." त्याच्यासारखीच लिहायचा प्रयत्न केला. खाली माझं नाव टाकलं नाही. गेल्या आठवड्यात कुणीतरी त्या दोन वाक्यांसाठी चामटोलीकरांचे आभार मानले, आणि त्याने उत्तर दिलं, हो, तिथं बरं वाटतं. ती वाक्यं माझी आहेत हे त्याला कळलंय, की आपण ती लिहिली नव्हती हेच तो विसरलाय, ते मला माहीत नाही. विचारायचं म्हणतो, आणि रोज विचारत नाही.