नर्सबाईला तू ‘नाही’ म्हणालीस

माय, तू गेलीस त्याला बारा वर्षं झाली, आणि आज तुझा राग आलाय म्हणून धुळ्याच्या स्टँडवर बसून लिहितोय. जळगावच्या डाळ मिलमध्ये तू दिवसभर वाकून डाळ पाखडायचीस, कंबर धरली की पदराच्या गाठीतली अफूची गोळी जिभेखाली. मिलबाहेरचा तो भजीवाला मला चुरा फुकट द्यायचा... असो, भलतीकडे चाललो. बहीण पोटात असतानाही तू गोळी घ्यायचीस. मला ठाऊक होतं, आबांना नव्हतं.

सरकारी दवाखान्यात ती झाली. दुसऱ्या दिवशी पोरीचे हातपाय थरथरतायत, किंचाळतेय, दूध ओढत नाही. नर्सबाई वाकून विचारतेय, “खरं सांगा बाई, अफू-बिफू घेता का? रागावणार नाही. कळलं तर औषध देता येईल.” आबा दाराशी उभे. तू म्हणालीस, “नही बाई, मी काहीच खात नही,” आणि माझ्याकडे पाहिलंस. मी गप्प. चौथ्या दिवशी पोर गेली.

पुढे तूही गेलीस. मी शाळा सोडली, ट्रकवर हिंडलो, सुरत, इंदूर, कुठं कुठं. तिथंच बाजारातल्या बायांकडे जाऊन गरमीचा रोग लागला. फोड आला, आपोआप बसला, वाटलं सुटलो. लग्न केलं. आता बायकोला सातवा, ओटी भरून भडगावला माहेरी गेलीय. माझ्या अंगावर परत चट्टे उठले म्हणून सकाळी डॉक्टरकडे गेलो.

“बायकोलाही झालं असणार, तिच्याकडून पोटातल्या पोराला जाईल,” डॉक्टर म्हणाले. “आजच घेऊन ये. सुया घेतल्या तर पोर वाचेल.”

“साहेब, ती माहेरी...”

“मग? हिंडताना लाज नव्हती, आता सांगताना वाटते?”

पहिलटकरणीला बाळंतपणाआधी माहेरून कुणी परत आणत नाही गं. सासरे ओसरीवरच विचारतील, “काय झाये, जवाईबापू?” सगळं घर कान देऊन उभं राहील. काय सांगू? आणि खोटं सांगून आणली तर ती सुया कशाला टोचून घेईल? तिकडे पोर पोटात लाथा मारत असेल. एकेक दिवस जातोय, माय.

मघाशी भडगावची गाडी समोर लागली होती. कंडक्टर माझ्याकडे बघून ओरडलासुद्धा, “चला भाऊ, येताय का?” ती सुटून जावी म्हणूनच मी वही काढली.