धाकटीचे चोवीस शब्द

प्रिय धाकटे,

तुझा मोबाइल कणीक मळायच्या यंत्रात पडून दिवंगत झाला, हे काल ऐकून मी आधी हसलोच. क्षमस्व. तूही हसत होतीस. तू म्हणालीस, क्रिप्टो-नाण्यांचं वॉलेट मोबाइलमध्ये होतं खरं, पण ते उघडणारे चोवीस शब्द दादाकडे आहेत. नव्या मोबाइलमध्ये ओळीने भरले की झालं. अकरा वर्षं दुसऱ्याच्या भट्टीपुढे भाजून घेत तू जमवलेलं सगळं त्या वॉलेटमध्ये आहे, आणि त्यातूनच तुझी स्वतःची बेकरी उभी राहायची आहे.

तो लिफाफा देताना तू मला मंत्रदीक्षा द्यावी तसं बजावलं होतंस. फोटो काढायचा नाही, कॉम्प्युटरवर उतरवायचं नाही, दोन प्रती कधीच ठेवायच्या नाहीत. चोराला वाणसामानाची यादी वाटावी म्हणून शब्दांना आकडेसुद्धा घातले नव्हतेस. तुझी हुशारी मला तेव्हाही कौतुकाची वाटली होती.

गेल्या वर्षी कपाटामागचा नळ गळला. लिफाफ्याला ओल आली, शाई पसरू लागली. मी घाबरून कागद बाहेर काढला आणि जाड कार्डावर शब्द उतरवले. छत्री, कोळी, हातोडा असले इंग्रजी शब्द, ना कर्ता ना क्रियापद. शब्दकोशाच्या कचेरीत माझी सव्वीस वर्षं गेली, बाई. शब्द दिसले की हात आपसूक वर्णानुक्रम लावतो. ए पासून झेडपर्यंत सुबक यादी केली, दोनदा ताडून पाहिली, एकही शब्द गाळला नाही. मग तुझी आज्ञा शिरसावंद्य मानून जुना कागद जाळला. स्वतःवर खूशही झालो.

काल तू सहज ‘ओळीने’ म्हणालीस, तेव्हा मला कळलं की शब्द तुझ्या मूळ क्रमानेच भरावे लागतात.

आज दुपारी चोवीस चिठ्ठ्या करून जेवणाच्या टेबलावर मांडल्या. तुझ्या कागदावरचा पहिला शब्द आठवतो का ते पाहत बसलो. तुझ्या वहिनीने चहा आणून ठेवला, तो तसाच गार झाला. शेजारच्या गणिताच्या मास्तरांना विचारलं, हे किती तऱ्हांनी मांडता येतील? त्यांनी चोवीस आकडी संख्या लिहिली, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि गेले. विनवणी करायला इथे बँकेसारखा कोणी मॅनेजरही नाही. असता तर मी त्याच्या दारात बसून राहिलो असतो.

शनिवारी तू दुकानाच्या करारावर सही करणार, सोमवारी नोकरीचा राजीनामा देणार. दोन्ही करू नकोस, एवढंच सांगायला हे पत्र उद्या सकाळच्या कुरिअरने पाठवतोय. तुला एखादा क्रम आठवत असला तर लगेच कळव. काल तू विचारलंस, ‘दादा, लिफाफा जपून आहे ना?’ मी ‘आहे’ म्हणालो. तो आहेच गं, अगदी जपून आहे.

तू बोलेनाशी झालीस तरी तुझाच,
दादा