बशा कशा फुटल्या

आदरणीय भावोजी,

सादर नमस्कार, आणि नमस्काराला जोडूनच सांगते की पोर सुखरूप आहे, जेवते आहे आणि माझी उशी पळवून झोपते आहे. तुमच्या गुडघ्याचं कसं काय? गोळ्या वेळेवर घेता ना? (नसालच घेत. ताई होती तोवर ती मागे लागायची, आता मी पत्रातून लागते.)

शिबिराचं मी तुम्हाला आधी विचारलं होतं. ज्यांचं कुणी जवळचं गेलंय अशा मुलांसाठी शनिवार-रविवार आहे, हिला नेऊ का? तुम्ही ‘तुम्हाला योग्य वाटेल ते करा’ म्हणालात आणि पेपरात डोकं घातलंत. मग मला योग्य वाटलं ते मी केलं, तेव्हा पुढे जे झालं त्याला निम्मे जबाबदार तुम्ही.

खरं तर मी तिला सोडून परत फिरणार होते. पण फाटकाशी ती माझ्या पर्सचा पट्टाच सोडेना. त्यात तिथल्या एका कार्यकर्तीला ताप आलेला. शिबिर घेणाऱ्या समुपदेशक बाई इतकं हळू बोलतात, की मुलांनी त्यांचं नाव हळूबाई ठेवलंय. त्यांनी मला काहीतरी विचारलं, मी ऐकू न येता मान हलवली आणि सहा मुलांची गटप्रमुख झाले. (भावोजी, न ऐकलेल्या गोष्टीला कधी मान हलवू नका.) मी आयुष्यभर तिकीटखिडकीमागे बसलेली बाई. पहिल्या झटक्यात सहाही जणांना उंचीप्रमाणे रांगेत उभं केलं. हळूबाई म्हणाल्या, रांग नको, गोल करा. गोलात पुढचा कोण आणि मागचा कोण तेच कळेना, त्यामुळे मी सकाळभर कासावीस.

गोलात बसून प्रत्येकाने आपल्या माणसाबद्दल सांगायचं होतं. एकाचे आजोबा गेलेले. ते कसे घोरायचे ते त्याने करून दाखवलं, तर पलीकडच्या खोलीतलं कुत्रं भुंकायला लागलं. सगळे हसले. आपली मात्र पत्ते खेळताना म्हणावं तसं ‘पास’ म्हणाली आणि चपलेच्या पट्ट्याशी खेळत बसली.

दुपारी बशा फोडायचा कार्यक्रम होता. मनातला राग काढायला तडा गेलेल्या जुन्या बशा भिंतीवर फेकायच्या, डोळ्यांना चष्मे लावून. कोठीतून खोकं आणायचं काम माझ्याकडे. तिथे दोन खोकी होती हे मला कुणी सांगितलं नव्हतं. (बशा अगदीच धडधाकट दिसतायत, असं मनात आलं होतं. पण म्हटलं, संस्था श्रीमंत असेल.) मुलं बिचकत होती, म्हणून पहिली बशी मीच फेकली. भावोजी, काय बरं वाटलं म्हणून सांगू! मग सहाही जण सुटले. आपलीने दोन फोडल्या आणि तिसरी उचलून म्हणाली, “ही बाबांच्या नळासाठी.”

“कसला गं नळ?”

“मी आईचं नाव काढलं की बाबा बाथरूममध्ये जातात आणि नळ सोडतात. बाहेर येऊन म्हणतात, डोळ्यांत साबण गेला. म्हणून मी आता आईचं बोलतच नाही. उगाच पाणी वाया जातं.”

आणि बशी भिंतीवर. मी चष्मा पुसायला गेले, तर ओलावा आतल्या बाजूने होता.

तेवढ्यात आचारी ओरडत आला, कारण आम्ही त्याची रात्रीच्या जेवणाची भांडी संपवली होती. मग कुणी पातेल्याच्या झाकणात जेवलं, कुणी मगात. घोरणाऱ्या आजोबांचा नातू थेट कढईत. आपली हसता हसता ठसकली, आणि आपण होऊन सगळ्यांना सांगायला लागली की आमची आई गाणी चुकीच्या शब्दांनीच म्हणायची. एकदा बांध फुटल्यावर थांबते कुठली! झोपताना मला म्हणाली, “मावशी, मी जन्मले तेव्हा आई पहिल्यांदा काय म्हणाली?”

मी काय सांगणार? मला ठाऊक असलेली ताई लग्नापर्यंतची. पुढची सगळी तुमच्याकडे आहे.

बाकी क्षेम. बशा फेकून खांदा आखडलाय, म्हणून इथेच थांबते.

तुमची मेहुणी

ता. क. शिबिरानंतर ती आठवडाभर माझ्याकडे राहील आणि येत्या रविवारी मी तिला घरी आणून सोडेन, असं ठरलं होतं. मी आणणार नाही. तुम्ही इकडे या, आणि तिच्या त्या प्रश्नाचं उत्तर घेऊन या. सांगताना रडू आलं तर येऊ द्या. ती घाबरणार नाही, मी विचारून घेतलंय.

आणखी एक. गुडघ्याची सबब चालणार नाही, माझं घर तळमजल्यावर आहे. बेल वाजवलीत की दार ती उघडेल. मी त्या वेळी बाजारात गेलेली असेन, आणि आत्ताच सांगून ठेवते, मला बाजारात फार वेळ लागतो.