वैष्णवीच्या दातांची तार आणि पॉलिसीचं पान तेवीस

१० नोव्हें., सोम.
वैष्णवीला घेऊन चिखलीला, दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे. पोरगी नववीत, हसताना तोंडावर हात. परवा शाळेत अख्खं भाषण पाठ असून उभीच राहिली नाही, म्हणून नेलं. वरचे दात पुढे, खालचे टाळूला टोचतात. तार लावावी लागेल, दीड-दोन वर्षं. बाईंनी मापलं, नऊ मि.मी. मी घरीच, दुकानात मोटरीची तार मापायच्या कॅलिपरनं मापलं होतं, नऊच. तेव्हा पोरगी म्हणे, "बाबा, मी काय जळालेली मोटर आहो का?"
बाईंना सांगितलं, माझंही माप हेच आलं होतं. हसल्या. विश्वास बसला नसावा.

११ नोव्हें.
हरभऱ्याला पाणी सुरू, दुकानात जळक्या मोटरींची रांग. तरी दुपारी आरोग्य विम्याची पॉलिसी काढली. छत्तीस पानं, सगळं इंग्रजी. मोटरीत नवी तार भरायचं वाइंडिंग मला कोणी शिकवलं नाही, इंग्रजीही नाही. डिक्शनरी घेऊन बसलो. पान ९, मिळणारे लाभ, ओळ १४ : दंतोपचार. पेन्सिलीनं खूण केली.
सौ. : "एजंटाले इचारा ना एकडाव."
विचारायचं काय त्यात, छापलेलं आहे. वैष्णवीला सांगून टाकलं, तार विम्यात बसते. तिनं लगेच मैत्रिणीला फोन केला.

१४ नोव्हें.
विजूभाऊ दुकानात. एजंट, आपल्या जानेफळचाच. पॉलिसी त्यानंच दिलेली. ओळ १४ दाखवली.
"दादा, त्या ओळीवरची चांदणी पाह्यली का?"
ओळ १४ च्या शेवटी, मुंगीएवढी चांदणी. तिची टीप पान २३ वर. दंतोपचार फक्त अपघात झाला तर, आणि दवाखान्यात भरती असेल तर. दात सरळ करणं 'सौंदर्यासाठी', म्हणून वगळलेलं.
जळकी मोटर उघडली की मी आधी तारेचे फेरे मोजतो, वहीत लिहितो, मगच जुनी तार कापतो. सव्वीस वर्षांत एका फेऱ्यानं चुकलो नाही. आणि इथं…
विजूभाऊ : "एवढं तोंड काऊन पाडता? पोरगी कवा ना कवा सायकलवरून पडलीच असन ना! अपघात लिहू. भरतीच्या कागदाचं मी पाह्यतो."
हो म्हणालो नाही. नाही, असंही म्हणालो नाही.

१५ नोव्हें.
घरी बोललो नाही. जेवताना वै. : "बाबा, तार कवा?" कागदपत्रं चालू आहेत म्हटलं.

१६ नोव्हें., रवि.
पडली होती खरी. पाचवीत असताना, हिवरा आश्रमच्या रस्त्यावर. त्या सालची रोजनिशी शोधली. माझंच अक्षर : "वै. सायकलवरून पडली. ओठ सुजला. दात शाबूत, एकेक हलवून पाहिला."
सौ.नं खांद्यावरून वाचलं. "तुमाले कोनं सांगतलं होतं एवढं बारीक लिहाले?" हसली. मग माझ्या तोंडाकडे पाहून थांबली. सगळं सांगावं लागलं.

१८ नोव्हें.
वैष्णवीला सांगितलं. वाचण्यात चूक माझी. विजूभाऊ काय लिहू म्हणाला, तेही सांगितलं.
"म्हंजे तुमी बी चुकता?"
"हाव."
"मंग आता खोटं लिहिता का?"
"तूच सांग."
"नका लिहू. मंग मले रोज वाटन का हे पडल्याचे दात हायेत. माहे हायेत ते."
डोक्यावर हात ठेवला, तिनं झटकला. "वार्निश लागलं तुमचं!"

१९ नोव्हें.
टाळूला टोचणं म्हणजे सौंदर्य नव्हे, म्हणून विम्याचा अर्ज भरला. कारण : जन्मापासूनची ठेवण, वरचे दात ९ मि.मी. पुढे, खालच्या दातांनी टाळूला जखम. अपघात : नाही. डॉक्टरीणबाईंचं पत्र जोडलं. विजूभाऊनं वाचलं, कपाळावर हात मारला. "दादा, तुमी स्वतःच 'नाही' लिहून देऊन राह्यले!" पण पाठवला त्यानंच.

२४ नोव्हें., सोम.
संध्याकाळी दुकानात कंपनीचा फोन. हात वार्निशनं भरलेले, म्हणून शाळेतून आलेल्या वैष्णवीनं उचलून स्पीकरवर टाकला.
मॅडम : "पेशंट कधी पडली वगैरे होती का?" प्रेमानं विचारत होत्या. हो म्हणायला वाट करून देत होत्या, असं वाटलं. मी तोंड उघडायच्या आत,
"मॅडम, मीच पेशंट. पडली होती, पन दात त्यानं नाही झाले. असेच हायेत."
"म्हणजे दिसण्यासाठी उपचार?"
"जेवताना टाळूले टोचते. अन् दिसासाठी बी. मले हसाचं आहे."
"बेटा, तसा रकाना नाही गं आमच्याकडे."
"मंग 'इतर' मधी लिहा ना."
लिहिते, म्हणाल्या. वरिष्ठ ठरवतील, कळवू. फोन ठेवायला विसरल्या बहुतेक. टाइप करण्याचा आवाज येत राहिला. उघड्या मोटरीवर मोबाइल धरून आम्ही दोघं ऐकत उभे.